कालिंदीचा पासवर्ड

कालिंदी सेलूकर आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी विभागात अठ्ठावीस वर्षं होती आणि मी ग्रंथालयात. दुपारचा डबा आम्ही दोघी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत खायचो. त्यामुळं तिच्याबद्दल मी जे सांगतेय ते ऐकीव नाही. काही मी डोळ्यांनी पाहिलं, काही तिनं स्वतः सांगितलं. यात एका ठिकाणी मीही चुकले, तेही सांगणार आहे.

बोनाफाईड, टीसी, स्थलांतर प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचे अर्ज, ही तिची कामं. वीस वर्षांपूर्वी कॉलेज सोडून गेलेला माणूस खिडकीत येऊन उभा राहिला, तर ती त्याच्या तुकडीचं रजिस्टर कुठल्या कपाटात आहे ते बसल्या जागेवरून सांगायची. तिच्या हातून कधी कागद हरवला नाही, कधी मेमो मिळाला नाही. या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. नवरा श्रीधर बँकेतून निवृत्त झालेला, मुलगा हिमांशू पुण्यात नोकरीला, घर सिडकोत एन-सातला. सगळं सुरळीत.

दरवर्षी 'कमवा आणि शिका' योजनेतून ऑफिसला दोन-तीन विद्यार्थी मिळतात. बाकीचे लोक त्यांना गठ्ठे उचलायला आणि झेरॉक्स काढायला लावत. कालिंदी मात्र काम शिकवायची. त्या वर्षी तिच्याकडं सायली तुपे आली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची, गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. वाळूजजवळ बजाजनगरात मावशीकडं राहायची. सकाळी सिटी बसनं यायची, दहा ते एक ऑफिसात काम करायची आणि दुपारी तासांना बसायची.

पहिल्या दिवशी तिच्यापुढं हमीपत्र ठेवलं. एक पानाचा कागद होता तो, 'कार्यालयीन गोपनीयता राखीन' वगैरे लिहिलेला. मुलं वर नाव टाकतात आणि खाली सही ठोकतात. सायलीनं तो शेवटपर्यंत वाचला.

"मॅडम, गोपनीयता म्हंजे काय काय धरायचं?"

कालिंदीला हसू आलं. "सगळंच. कर सही."

तिसऱ्या दिवशी कालिंदीनं तिला आपला पासवर्ड सांगून टाकला. कॉलेजच्या सॉफ्टवेअरमध्ये विद्यार्थ्यांची सगळी माहिती आहे, नाव, पत्ता, मोबाईल, जात, आईवडिलांची नावं, गुण. ते कर्मचाऱ्याच्या नावानंच उघडतं. योजनेतल्या मुलांना स्वतःचं खातं नसे. दर वेळी सायली "मॅडम, जरा उघडून देता का?" म्हणत यायची. कालिंदीचे गुडघे दुखतात. ती किती वेळा उठणार?

"हिमांशू आणि पुढं त्याचं जन्मसाल," ती म्हणाली. "माझ्या पोराचं नाव आहे, लिहून ठेवायचीसुद्धा गरज नाही."

"मला सांगितलेलं चालतं का मॅडम?"

"अगं, अख्ख्या ऑफिसला माहीत आहे तो."

ते खरंच होतं. मलाही माहीत होता.

पोरगी कामाला फार नीट होती. तीन नंबरच्या टेबलावर बसायची, त्या टेबलावर एक जुना फोनही होता. दिवाळीपर्यंत कालिंदीचं निम्मं काम तिच्या अंगवळणी पडलं. ती डब्यात ठेचा आणायची. कालिंदीला तिखट सोसत नाही, तरी ती बोटभर घ्यायची, पाणी प्यायची आणि तिला भाजीचा अर्धा डबा द्यायची. "मला मुलगी असती तर अशी असती," असं ती मला एकदा म्हणाल्याचं आठवतं.

डिसेंबरात खिडकीवर संध्या सपकाळ आली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, सिल्लोडकडची. ती हॉस्टेल सोडून टीव्ही सेंटरजवळ एका मैत्रिणीबरोबर भाड्यानं राहायला लागली होती. तिला नवा पत्ता आणि नवा मोबाईल नोंदवायचा होता. सोबत हातानं लिहिलेला अर्ज होता: माझा पत्ता व नंबर कोणालाही, घरच्यांनाही, देऊ नये.

कालिंदीनं चष्म्यावरून पाहिलं. "घरी काही झालंय का?"

"लग्न जमवलंय मॅडम. परीक्षा होऊ द्या म्हणलं, तर ऐकायला तयार नाहीत. मामा तर मारायलाच उठला."

"आईवडील?"

"मामाच्या पुढं कुणाचं चालत नाय."

कालिंदीनं अर्जावर तारीख टाकली, आवक क्रमांक घातला, फाईलला लावला. सॉफ्टवेअरमध्ये नवा पत्ता भरला. 'हा कुणाला देऊ नका' असं लिहायला त्यात कुठं जागाच नव्हती. शेजारी बसलेल्या सायलीनं ते सगळं ऐकलं. मुलगी गेल्यावर ती म्हणाली, "मॅडम, आपण त्या कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवू का, हिचा पत्ता द्यायचा नाय म्हणून?"

"चिठ्ठी लावली की सगळ्यांना कळेल. राहू दे, माझ्या लक्षात आहे."

आणि तिच्या लक्षात राहतंच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

जानेवारीतल्या एका मंगळवारची गोष्ट. शिष्यवृत्तीच्या अर्जांची शेवटची तारीख जवळ आलेली, खिडकीवर रांग. अकराच्या सुमाराला कालिंदीनं सायलीला बोनाफाईडचा गठ्ठा देऊन उपप्राचार्यांच्या सह्या आणायला सायन्सच्या इमारतीत पाठवलं. ती गेली आणि तीन नंबरच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. कालिंदी वैतागून उठली आणि सायलीच्या खुर्चीत बसून तिनं फोन घेतला.

पलीकडचा माणूस मोठ्या अदबीनं बोलत होता. "ताई, संध्या सपकाळचा मामा बोलतोय. तिच्या आईला घाटी दवाखान्यात ॲडमिट केलंय, लई सीरियस आहे. पोरीचा फोन लागंना. जुन्या हॉस्टेलवर गेलो तर ती तिथं नाय म्हणले. एवढा पत्ता तरी सांगा हो ताई. आई डोळे मिटायच्या आधी पोरीला बघू द्या."

कालिंदीची स्वतःची आई घाटीतच गेली होती. कालिंदी पोचायच्या अर्धा तास आधी. माणूस रडत होता की रडण्याचं सोंग करत होता, हे फोनवर कळणार कसं? समोरचं मशीन तिच्याच पासवर्डनं उघडलेलं होतं. तिनं नाव टाकलं, पान उघडलं आणि पत्ता वाचायला सुरुवात केली.

"गल्लीचं नाव सांगितलं," ती नंतर मला म्हणाली, "आणि घर नंबर वाचताना मला आठवलं. तो अर्ज आठवला. त्या पोरीचं अक्षरसुद्धा डोळ्यांपुढं आलं. मी थांबू शकत होते गं. पण अर्धं सांगून झालं होतं, तो पलीकडून 'हां ताई, हां ताई' करत होता, आणि मला वाटलं, आई मरायला टेकलीय, आता कसला अर्ज! मी घर नंबर सांगितला. मजलासुद्धा सांगितला."

तिनं फोन ठेवला. रांगेतला एक मुलगा ओरडला, "मॅडम, आमचं कधी?" ती उठून खिडकीवर गेली. वीस मिनिटांनी सायली सह्या घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी संध्याची मैत्रीण मृण्मयी रडत कॉलेजात आली. आदल्या संध्याकाळी मामा आणि आणखी दोघं खोलीवर आले होते. संध्याची आई घाटीत नव्हतीच, घरी धडधाकट होती. त्यांनी संध्याचं सामान पिशव्यांत कोंबलं, तिचा मोबाईल काढून घेतला आणि तिला जीपमध्ये बसवून नेलं. जाताना मामानं मृण्मयीला सुनावलं, "लपून राहते काय? कॉलेजच्या ऑफिसातूनच पत्ता मिळाला आम्हाला."

मृण्मयीनं पोलिसांत तक्रार दिली. पोलीस गावात जाऊन आले. संध्यानं घरच्यांच्या देखत 'मी माझ्या मर्जीनं आले' असं सांगितलं आणि पोलिसांच्या बाजूनं विषय मिटला. कॉलेजात मात्र मिटला नाही. आठवड्यावर तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांनी लगेच चौकशी लावली.

संगणक विभागाच्या ऋतुराज सरांनी नोंद काढली. संध्याचं पान मंगळवारी अकरा वाजून बावीस मिनिटांनी उघडलेलं. खातं सेलूकर मॅडमचं, मशीन तीन नंबरचं.

प्राचार्यांच्या खोलीत कालिंदी आणि सायली दोघींना बोलावलं. तिथं काय झालं ते कालिंदीनं मला शब्दन् शब्द सांगितलं होतं. मी ते विसरले नाही.

"तीन नंबरला कोण बसतं?" प्राचार्यांनी विचारलं.

"मी," सायली म्हणाली. "पण सर, त्या टायमाला मी नव्हते. मी सह्या आणायला गेल्ते."

"सेलूकर मॅडम, तुमचा पासवर्ड हिला माहीत आहे?"

"हो. कामासाठी दिला होता."

"हिला तुम्ही सह्यांना पाठवलं होतं?"

इथं कालिंदी थांबली. अठ्ठावीस वर्षं, एक मेमो नाही. ती म्हणाली, "रोजच पाठवते सर. त्या दिवशी नेमकी किती वाजता गेली, ते सांगता येणार नाही."

वरवर ऐकणाऱ्याला यात काही खोटं वाटलं नसतं. प्राचार्यांनी एवढंच धरलं की पोरगी तिथं असणार आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून तिनं पत्ता दिला असणार. उपप्राचार्यांना कुणी विचारलं नाही. त्या दिवशी सह्या किती वाजता झाल्या, हे त्यांना आठवलंही असतं.

सायलीनं कालिंदीकडं एकदा पाहिलं. मग गळ्यातलं योजनेचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बंद झालं. नोटीस बोर्डावर नाव न घालता सूचना लागली, 'गोपनीयतेचा भंग केल्यामुळे एका विद्यार्थिनीस कमी करण्यात आले आहे.' नाव सगळ्यांना ठाऊक होतं.

मी डबा खाताना म्हणाले, "तू लेकीसारखं वागवलंस आणि तिनं बघ काय केलं." कालिंदीनं हातातला घास खाली ठेवला. डब्याचं झाकण लावलं आणि ॲसिडिटी झालीय म्हणाली. मला वाटलं, तिला सायलीच्या वागण्याचं दुःख झालंय.

पंधरा दिवस ती नीट जेवली नाही. ऑफिसात चुका करायला लागली. एका मुलाच्या टीसीवर दुसऱ्याच मुलाची जन्मतारीख लिहिली. तीन नंबरच्या टेबलावर योजनेतला शिवम नावाचा मुलगा आला, तर त्याला तिनं मशीनला हातच लावू दिला नाही. सगळं स्वतः करायची, ऑफिस सुटल्यावरही बसून. सायली कॉलेजात येत होती का ते ती बघत असे. पहिले चार दिवस आली. मग यायची थांबली.

फेब्रुवारीत प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं, "मॅडम, विद्यार्थी कर्मचाऱ्यांसाठी माहिती सुरक्षेची नियमावली करून टाका. समितीनं विचारलं होतं. तुमचा मसुदा स्वच्छ असतो."

ती कागद घेऊन माझ्याकडं ग्रंथालयात आली. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून दोन दिवस लिहीत होती. विद्यार्थी कर्मचाऱ्याने कोणत्याही विद्यार्थ्याचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, जात, गुण यांविषयीची माहिती इतरांस देऊ नये. दूरध्वनीवरून माहिती मागितल्यास लेखी अर्ज करण्यास सांगावे. मशीन सोडून जाताना खाते बंद करावे. मोबाईलवर फोटो काढू नये. कर्मचाऱ्याचा पासवर्ड वापरू नये. तिचं अक्षर सुरेख होतं, एका ओळीत, खाडाखोड नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "इथं 'तिऱ्हाईत' लिहू का 'त्रयस्थ'?"

मी पुस्तकांना शिक्के मारत होते. म्हटलं, "त्रयस्थ बरा दिसतो."

ती लिहायला वाकली आणि तशीच राहिली. मी पाहिलं तर कागदावर थेंब पडून शाई फुटली होती.

"काय झालं गं?"

"अकरावा नियम," ती म्हणाली. "नियमभंग झाल्यास विद्यार्थ्यास तत्काळ कमी करण्यात येईल. हा मी कसा लिहू? पत्ता मी दिला. सायली तिथं नव्हती."

मग तिनं कपाटांच्या आडोशाला उभं राहून मला सगळं सांगितलं. फोन, घाटी, घर नंबर, प्राचार्यांसमोरचं ते बोलणं. मी ऐकलं आणि तिचा हात धरून म्हणाले, "आता कशाला उकरून काढतेस? चार वर्षं राहिलीत. ती पोरगी तरुण आहे, तिला दुसरं काही मिळेल." ही माझी चूक. मैत्रिणीची काळजी वाटली म्हणून मी तसं बोलले, पण सायलीचा मला तेव्हा विचारसुद्धा आला नाही. संध्याचा तर नाहीच.

कालिंदीनं हात सोडवून घेतला. घरी जाऊन तिनं श्रीधररावांना सांगितलं. हा माणूस बँकेत चाळीस वर्षं होता, तिजोरीची किल्ली कधी सहकाऱ्याच्या हाती दिली नाही असा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या मी तुला कॉलेजला सोडायला येतो." इतकंच. सकाळी स्कूटरवर सोडलं आणि ती आत जाईपर्यंत फाटकाशी उभे राहिले.

प्राचार्यांना ऐकायला वेळ नव्हता. "मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. प्रकरण संपलंय. समितीचा अहवाल चांगला आलाय."

"सर, प्रकरण त्या दोन पोरींचं संपलेलं नाही."

"तुम्हाला मेमो द्यावा लागेल. चौकशी तुमच्यावर येईल. अठ्ठावीस वर्षांची नोकरी आहे तुमची."

"द्या सर. मी लेखी आणलंय."

दोन पानी निवेदन होतं. फोन कुणी घेतला, पत्ता कुणी वाचला, सायलीला किती वाजता कुठं पाठवलं होतं. शेवटी तिनं लिहिलं होतं, 'चौकशीच्या वेळी मला हे सर्व आठवत होते. न आठवल्याचे मी सांगितले.' प्राचार्यांनी ते वाचून टेबलाच्या खणात टाकलं. तिनं त्याची प्रत आवक-जावकला नोंदवून त्यावर शिक्का घेतला. हे तिला येत होतं.

त्यामुळं ते दाबता आलं नाही. महिन्याभरात तिला मेमो मिळाला. विद्यार्थी विभागातून काढून तळमजल्यावरच्या जुन्या रेकॉर्डच्या खोलीत टाकलं. खिडकीवरचे लोक तिच्याकडं बघून कुजबुजायचे. काही जण तोंडावर म्हणाले, "नुसतं गप्प बसायचं होतं मॅडम." सायलीच्या नावानं दोन ओळींचं पत्र निघालं: आपल्यावरील ठपका रद्द करण्यात येत आहे, आपण पुन्हा योजनेत रुजू होऊ शकता. नोटीस बोर्डावर काही लागलं नाही.

पत्र पोस्टानं जाणार होतं. कालिंदी म्हणाली, मी स्वतः नेऊन देते. सायलीचा पत्ता सॉफ्टवेअरमध्ये होता, पण तिनं तो कुणाला काढायला लावला नाही. सायलीचा फोन नंबर तिच्या मोबाईलमध्ये होताच. तिनं फोन करून विचारलं, "मी येऊ का तुला भेटायला?"

सायलीनं मावशीच्या घराचा पत्ता सांगितला आणि म्हणाली, "रविवारी या. बाकी दिवस माझी शिफ्ट असते."

मी कालिंदीबरोबर गेले. बजाजनगरात दोन खोल्यांचं घर, दारात कंपनीच्या बसची वाट पाहणारी माणसं. सायली वाळुजातल्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागली होती. वायरिंगच्या जोडण्या तपासायचं काम. बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या होत्या. मावशीनं चहा ठेवला.

कालिंदीनं पत्र पुढं केलं. सायलीनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, घडी घालून मावशीकडं दिलं.

"पत्ता मी दिला होता सायली," कालिंदी म्हणाली.

"मला माहीत होतं मॅडम."

"कसं?"

"मी आले तवा मशीनवर संध्याचं पान उघडंच होतं. आन् फोन मशीनपाशी ओढलेला. माझ्या खुर्चीत तुमच्याशिवाय कुणी बसत नाय. मी पान बंद केलं. मला वाटलं तुमचं काही काम असंल."

"मग सांगितलं का नाहीस? तिथं, सरांसमोर?"

"तुम्ही सांगाल वाटलं." ती चिकटपट्टीचं टोक नखानं उकरत होती. "तीन दिवस मी खिडकीपासच्या जिन्यावर बसून होते, तास बुडवून. तुम्ही माझ्याकडं बघायच्या आन् आत जायच्या. चौथ्या दिवशी म्हणलं, नाय सांगत आता."

कालिंदी रडायला लागली. सायलीनं तिला पाण्याचा तांब्या दिला, पण जवळ जाऊन बसली नाही. मावशी दारातच उभी होती. ती म्हणाली, "बाई, हिच्या बापानं गावाकडं ऐकलं तवा हिला परत बोलवून घ्यायला आला होता. कॉलेजात नाव घालवलं म्हणाला. मी पाया पडून ठेवून घेतलं."

"परत ये," कालिंदी म्हणाली. "वर्ष वाया जाणार नाही. मी अर्ज करते, हजेरीचं मी बघते..."

"नको मॅडम. मी बाहेरून परीक्षा देणार आहे. फॉर्म भरलाय." मग तिनं विचारलं, "संध्याला सांगितलं का तुम्ही?"

कालिंदीनं मान हलवली. नाही.

"मग तिला सांगा आधी. माझं तर निस्तं कामच गेलं."

परतताना बसमध्ये कालिंदीनं संध्याचाच विषय काढला.

संध्याला सांगायचं कसं? तिचा फोन घरच्यांकडं, घरी जावं तर मामा. कालिंदी वाट बघत राहिली. मार्चच्या शेवटी परीक्षा सुरू झाल्या आणि संध्या आली. भाऊ सोबत होता, मोटरसायकलवरून सोडायचा आणि फाटकाबाहेर टपरीवर बसून राहायचा. कालिंदी रोज रेकॉर्डच्या खोलीतून बाहेर येऊन पोर्चमध्ये उभी राहायची आणि धीर न होऊन परत जायची. चौथ्या पेपरला ती पुढं झाली. मुली बाहेर पडत होत्या. तिनं संध्याला बाजूला घेतलं आणि जिन्याखाली उभं राहून सांगून टाकलं. सगळं, अर्ध्यात आठवल्याचंही.

संध्या ऐकत होती. चिडली नाही, रडली नाही. गळ्यात नवं मंगळसूत्र होतं.

"तुम्हाला मामानं आईचं सांगितलं होतं?"

"हो."

"मलाही तेच सांगून जीपमध्ये बसवलं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "परीक्षेच्या फॉर्मवर मी आता एक नंबर दिलाय. मैत्रिणीचा. तो घरी कुणाला माहीत नाय. तो किती जणांना दिसतो?"

कालिंदीला सांगता येईना. ती आता त्या विभागात नव्हती. संध्यानं तिच्याकडं क्षणभर पाहिलं, पदर सारखा केला आणि फाटकाकडं निघून गेली.

त्याच दुपारी कालिंदी संगणक विभागात ऋतुराज सरांसमोर जाऊन बसली. किती जणांना दिसतो? त्यांनी मोजून सांगितलं, सतरा. त्यातले सहा जण कॉलेज सोडून गेले होते, तरी त्यांची खाती चालू होती. तिनं कागदावर सतरा नावं लिहून घेतली. परीक्षा संपेपर्यंत ती रोज कुणाच्या ना कुणाच्या मागं लागायची. प्राचार्य कंटाळले आणि जून उजाडता उजाडता सहा खाती बंद झाली. योजनेतल्या मुलांना स्वतःची वेगळी खाती मिळाली, त्यात पत्ता आणि नंबर दिसत नाहीत. नियमावली शेवटी निघाली तेव्हा तिच्या नावात 'कर्मचारी व' हे दोन शब्द घातलेले होते. अकराव्या नियमातून 'विद्यार्थ्यास' काढून 'संबंधितास' झालं होतं. सहा महिन्यांत एवढं झालं. सायली परत आली नाही.

नवीन शैक्षणिक वर्षात योजनेत बारा मुलं आली. नियमावली समजावून सांगायला कुणी तयार नव्हतं, म्हणून कालिंदीला सांगितलं. मीही मागच्या बाकावर जाऊन बसले. तिनं नियम वाचले नाहीत. मागच्या जानेवारीत आपण काय केलं ते आपल्या नावासकट सांगितलं. संध्याचं नाव घेतलं नाही, सायलीचं घेतलं, कारण तिची चूक नव्हती हे कॉलेजात कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. मुलं अवघडून खाली बघत होती.

शेवटी संस्कृती नावाच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, मग ज्यांचा पत्ता दिला त्या ताईंचं काय झालं?"

"परीक्षा दिली तिनं. पास झाली," कालिंदी म्हणाली. "पुढचं मला माहीत नाही. पत्ता बदलला असेल."

"तुम्ही शोधला नाही?"

"नाही. तिनं दिला तरच मला कळायला पाहिजे."

मग तिनं बारा कोरी हमीपत्रं वाटली आणि म्हणाली, "सही करायची घाई नाही. वाचा, आणि जे कळणार नाही ते मला विचारा." त्यावर मुलांनी इतके प्रश्न विचारले की आमची डब्याची वेळ टळून गेली.